परक्यांसाठी रचलेले कोश

वाकडच्या कस्पटे वस्तीत आमच्या सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावर काही वर्षे एक चिनी अभियंता राहत असे. चाकणच्या औद्योगिक वसाहतीतील एका यंत्रनिर्मिती कारखान्यात तो कामाला होता. सकाळी सातच्या गाडीने जायचा आणि भूमकर चौकातल्या वाहतुकीशी झगडून रात्री आठाच्या सुमारास परतायचा. मी मराठी आहे हे कळल्यावर त्याने पहिली ओळख काढली ती सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची, अर्थात ‘के दिहुआ’ या त्यांच्या चिनी नावाने. एका गणेशोत्सवात प्रवेशद्वारावर लागलेला भलामोठा फलक पाहून तो मला मनापासून म्हणाला, की तुमच्या मंडळाचा ‘प्रोपगंडा’ फार उत्तम आहे. आसपासची मंडळी हसली. तो बावरला, आणि खिशातून एक लहानशी वही काढून त्याने तो शब्द दाखवला. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे चिनी अक्षरे. चिनी भाषेत ‘श्वानच्वान’ हा एकच शब्द जाहिरातीलाही चालतो, लोकशिक्षणालाही आणि राजकीय प्रचारालाही. तेव्हा त्याच्या वहीपुरते तो बरोबरच बोलला होता.

या शब्दाने त्याच्या देशाच्या राज्यकर्त्यांनाही चकवले आहे. तेथील कम्युनिस्ट पक्षाच्या ज्या विभागाला इंग्रजीत अनेक वर्षे ‘प्रोपगंडा’ विभाग म्हटले जाई, त्याचे इंग्रजी नाव 1990 च्या दशकाच्या अखेरीस ‘पब्लिसिटी’ विभाग असे करण्यात आले. चिनी नाव होते तेच राहिले. मुळात हा शब्द निंदेचा नव्हताच. 1622 मध्ये पोपने धर्मप्रसारासाठी जे मंडळ स्थापले, त्याच्या लॅटिन नावातून तो निघाला. आणि आपण हसण्याचे कारण काय? आपल्या ‘प्रचारा’तही निवडणुकीचा, खादीचा, साक्षरतेचा असा सगळाच प्रचार मावतो. शाळेत कोणी मला ‘प्रचार’ला इंग्रजी शब्द विचारला असता, तर कोश उघडून मीही कदाचित तोच सांगितला असता.

परभाषेतील अवघड शब्द वहीत उतरवून, त्यांच्यासमोर स्वभाषेतील शब्द मांडून ते पाठ करण्याची ही रीत चिनी माणसाची आहे तशीच मराठी माणसाचीही आहे. विशेष म्हणजे दोघांच्याही हाती ती एकाच घरातून आली. त्या घराचे नाव ईस्ट इंडिया कंपनी.

कलकत्त्याजवळ श्रीरामपूर नावाचे गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ते डेन्मार्कच्या ताब्यात होते. तेथल्या मिशनरी छापखान्यातून 1810 साली विल्यम कॅरीचा मराठी कोश बाहेर पडला. तो मोडी लिपीत होता, आणि वैजनाथ नावाच्या पंडितांचे त्याला साहाय्य होते. त्याच छापखान्यातून चारच वर्षांनी, 1814 मध्ये, कॅरीचा सहकारी जोशुआ मार्शमन याचे ‘क्लॅव्हिस सिनिका’ हे चिनी व्याकरण निघाले. मराठीचे आणि चिनीचे खिळे एकाच छताखाली जुळवले जात होते, ही गोष्ट आपल्या कोशवाङ्मयाच्या इतिहासात सहसा कोणी सांगत नाही. तिकडे कॅंटनमध्ये 1807 साली पोहोचलेला रॉबर्ट मॉरिसन 1809 पासून कंपनीचा दुभाषा झाला होता. परक्याला चिनी भाषा शिकवणे हा त्या काळी चीनमध्ये शिक्षापात्र गुन्हा होता, तरी लपूनछपून शिक्षक मिळवून त्याने आपला प्रचंड कोश सिद्ध केला. तो 1815 ते 1823 या काळात मकाव येथे कंपनीच्या खर्चाने छापला गेला. इंग्रजीतून चिनीत जाणारा त्याचा भाग 1822 चा आहे.

मुंबई इलाख्यात हेच काम लष्करी अधिकाऱ्यांकडे आले. व्हान्स केनेडीचा कोश 1824 चा. त्यानंतर जेम्स मोल्सवर्थने थॉमस आणि जॉर्ज या कॅंडी बंधूंसह आणि शास्त्र्यांच्या एका मोठ्या ताफ्यासह जो मराठी-इंग्रजी कोश केला, तो 1831 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे 40,000 शब्द होते. 1857 च्या दुसऱ्या आवृत्तीत ते 60,000 च्या आसपास गेले. लोकांनी या माणसाला ‘मोलेसरशास्त्री’ करून टाकले, आणि ही पदवी त्याने खरोखरच कमावली होती. कुणब्याच्या तोंडचा शब्द, कोकणातला शब्द, पोथीतला शब्द, शिवीगाळीतला शब्द असे सगळे त्याने घेतले. कोणता शब्द संस्कृतातून आला, कोणता फारसी-अरबीतून, याच्या खुणा केल्या. आजही एखाद्या जुन्या बखरीत अडले की मी शरद गोगटे यांच्या शुभदा-सारस्वतने 1975 मध्ये काढलेले त्याचे पुनर्मुद्रण उघडतो, आणि ते सहसा निराश करीत नाही.

परंतु हा कोश कोणासाठी होता? वसुलीसाठी गावोगाव फिरणाऱ्या कलेक्टरासाठी, फिर्याद ऐकणाऱ्या न्यायाधीशासाठी, पलटणीतल्या शिपायाशी बोलू पाहणाऱ्या कप्तानासाठी. मराठी माणूस काय म्हणतो आहे, हे इंग्रजाला कळावे यासाठी. मराठी माणसाला इंग्रजी यावे हा त्याचा हेतूच नव्हता. थॉमस कॅंडीने मोल्सवर्थचे अपुरे राहिलेले काम पुरे करून 1847 मध्ये इंग्रजी-मराठी कोश छापला, तेव्हाही रचना तीच राहिली. मराठीत लिहू-बोलू पाहणाऱ्या इंग्रजाला एका इंग्रजी शब्दासाठी मराठीत कायकाय म्हणता येईल, याची ती यादी होती. म्हणून प्रत्येक शब्दापुढे प्रतिशब्दांची रांग आहे: संस्कृत, प्राकृत, ग्रांथिक, ग्राम्य. इंग्रज साहेबाला इंग्रजी शब्दाची छटा ठाऊकच होती; त्याला फक्त मराठी पर्याय हवे होते. हाच कोश पुण्याच्या पाठशाळेतील विद्यार्थ्याने उघडला, की तो उलटा चालू लागे. त्याला मराठी छटा सगळ्या ठाऊक असत. ठाऊक नसे ती नेमकी इंग्रजी शब्दाची छटा, आणि तीच कोशात नसे. जाता जाता सांगायला हवे, की पुण्याच्या या कॅंडीसाहेबांनीच 1850 मध्ये विरामचिन्हांवर पुस्तक लिहून मराठीला स्वल्पविराम वापरायला शिकवले. त्यांचे ऋण मोठे आहे. पण त्यांचा कोश उलट्या बाजूने वाचणाऱ्यांच्या पिढ्याच्या पिढ्या ‘शब्द माहीत, वापर अज्ञात’ या अवस्थेत राहिल्या, हेही खरे.

या अवस्थेचा मी स्वतः एक नमुना आहे. मराठी माध्यमातून शिकून हिंजवडीतल्या एका कंपनीत लागलो, तेव्हा माझ्यापाशी पाठ केलेल्या शब्दांची एक यादी होती. तीत ‘ऑब्सिक्वियस’ या शब्दापुढे ‘आज्ञाधारक, विनम्र’ असे लिहिले होते. एका सहकाऱ्याच्या सौजन्याची वाखाणणी करताना मी तो शब्द वरिष्ठांना धाडलेल्या पत्रात वापरला. त्याचा अर्थ आजच्या इंग्रजीत ‘लाळघोट्या’ असा होतो, हे मला त्या सहकाऱ्याच्या चेहऱ्यावरून समजले. पुढे मोठ्या इंग्रजी कोशात पाहिले, तर जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ खरोखरच आज्ञाधारक असा होता. यादी खोटी नव्हती. ती काही शतके मागे होती, इतकेच.

तथापि मराठी विद्यार्थ्याच्या हाती एक मार्ग असा होता, की जो चिनी विद्यार्थ्याला कधीच मिळणार नव्हता. विल्यम जोन्सने 1786 मध्ये संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे गोत्र एक असल्याचे सांगितले, आणि शंभर वर्षांच्या आत ते ज्ञान पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयांत पोहोचले. 1877 मध्ये रामकृष्ण गोपाळ भांडारकर मुंबईत भाषाशास्त्रावर व्याख्याने देत होते. इंग्रजीतील जे शब्द ‘अवघड’ म्हणून गणले जातात, ते बहुतेक लॅटिन किंवा ग्रीक मुळांचे असतात. संस्कृत येणाऱ्याला त्यांतले पुष्कळसे धातू आधीच ओळखीचे. ‘ज्ञा’ धातू ‘कॉग्निशन’मध्ये आहे, ‘डायग्नोसिस’मध्ये आहे, ‘इग्नोरंट’मध्येही आहे. ‘जन्’ हा ‘जेनेसिस’ आणि ‘प्रोजेनी’मध्ये, ‘स्था’ हा ‘स्टेबल’ आणि ‘स्टॅटिक’मध्ये. ‘पेरि’ म्हणजे आपला ‘परि’, ‘प्रो’ म्हणजे ‘प्र’, ‘हायपर’ म्हणजे ‘उपरि’, ‘इंटर’ म्हणजे ‘अंतर्’. माझे सर्वांत आवडते उदाहरण ‘डिस्पेप्सिया’चे. ‘डिस्’ हा ‘दुस्’चा भाऊ आणि ‘पेप्’ हा ‘पच्’चा. तेव्हा हा भीतिदायक वैद्यकीय शब्द म्हणजे अवयवागणिक आपले ‘दुष्पचन’ होय! अर्थात या वाटेवर खड्डेही आहेत. ‘डे’ आणि ‘दिवस’ यांचे काही नाते नाही. ‘डायरी’चे मात्र आहे.

केवळ धातूंचीच गोष्ट नाही. उपसर्ग, धातू आणि प्रत्यय असा शब्द सोडवून पाहण्याची सवय संस्कृत शिकलेल्याच्या अंगी मुरलेली असते. आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार ही माळ ज्याने एकदा म्हटली, त्याला ‘इंडक्ट, डिडक्ट, कंडक्ट, प्रॉडक्ट’ यांची भीती वाटण्याचे कारण नव्हते. फर्ग्युसन महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य वामन शिवराम आपटे यांचा विद्यार्थ्यांसाठीचा इंग्रजी-संस्कृत कोश 1884 चा आहे. त्या पिढीला इंग्रजी आणि संस्कृत ही दोन भिंगे एकावर एक धरून पाहण्याची कला साधली होती.

चिनी माणसाकडे ही नात्याची पुंजी नाही. त्याच्याकडे दुसरेच काही आहे, आणि तेही कमी नाही. त्याच्या भाषेत ज्वालामुखी म्हणजे ‘हुओशान’, अग्नी-पर्वत. दूरध्वनी म्हणजे ‘दिएनहुआ’, वीज-बोलणे. संगणक ‘दिएननाओ’, वीज-मेंदू. सात वर्षांच्या मुलालाही मोठ्या शब्दाचे अवयव दिसतात. म्हणून इंग्रजी हायस्कुलात जाईपर्यंत अवघड होत जाते, याचे माझ्या शेजाऱ्याला राहून राहून आश्चर्य वाटे. दाताला ‘टूथ’ आणि दातांच्या डॉक्टरला ‘डेंटिस्ट’ का, असे त्याने एकदा मला विचारले. मी त्याला ‘दन्त’ सांगितला. त्याने तो वहीत टिपून घेतला, पण त्याचा त्याला काय उपयोग?

येथे एक प्रश्न टाळता येत नाही. संस्कृतची ही वाट कोणासाठी खुली होती? भीमराव आंबेडकर मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात गेले, तेव्हा त्यांना संस्कृत शिकायचे होते. शिक्षकाने अस्पृश्य मुलाला संस्कृत शिकवण्यास नकार दिला आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. संस्कृत त्यांनी पुढे स्वतःच्या परिश्रमाने मिळवले. म्हणजे ज्या धातुपाठाच्या बळावर सदाशिव पेठेतला मुलगा ‘डिस्पेप्सिया’ सोडवीत होता, तो धातुपाठ परळच्या चाळीतल्या या मुलाला नियमाने नव्हे तर रिवाजाने बंद होता. मग पुढे ज्याच्या इंग्रजीने गोलमेज परिषदेतील मुत्सद्द्यांना ऐकायला लावले, ज्याने 1923 मध्ये रुपयाच्या प्रश्नावर आणि 1936 मध्ये जातिनिर्मूलनावर त्या भाषेत ग्रंथ लिहिले, त्याचे इंग्रजी घडले कसे?

उत्तर त्यांनीच आपल्या आठवणींत देऊन ठेवले आहे. वडिलांनी, सुभेदार रामजींनी, त्यांच्याकडून हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला पाठ करून घेतली. रामजी लष्करी शाळेत मुख्याध्यापक राहिलेले. मुलाच्या पुस्तकांसाठी प्रसंगी ते लेकीकडून उसने पैसे आणत. मराठी शब्दाला योग्य इंग्रजी शब्द कोणता आणि तो कोणत्या जागी बसतो, याची पारख त्यांनी मुलाला लावली.

तर्खडकरांच्या पाठमालेकडे आपण आज जरा गंमतीने पाहतो. तिच्यातली वाक्ये कृत्रिम, तिच्यातले संवाद कालबाह्य, असे म्हणून तिची थट्टा करणारे लेखही वाचलेले आठवतात. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निघालेल्या या तीन भागांनी जे केले, ते मोल्सवर्थ-कॅंडींच्या थोर कोशांना करता आले नव्हते. हे पुस्तक पहिल्या पानापासून मराठी माणसासाठी होते. थोडे शब्द, लगेच त्या शब्दांची वाक्ये. मराठीतून इंग्रजीत न्या, इंग्रजीतून मराठीत आणा. पुन्हा थोडे शब्द, पुन्हा वाक्ये. शब्द येथे एकटा भेटतच नाही. त्याच्या मागे कर्ता असतो, पुढे शब्दयोगी अव्यय असते. आणि यासाठी संस्कृतही लागत नाही, गुरूही लागत नाही. लागतो तो एक वडीलधारा, जो संध्याकाळी कंदिलापाशी बसून वाक्ये म्हणून घेईल. रामजींनी तेच केले. तत्पूर्वी जोतीराव फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेतून टॉमस पेनपर्यंत पोहोचले होते आणि 1873 च्या ‘गुलामगिरी’ला त्यांनी इंग्रजी प्रस्तावना जोडली होती, पण ती वाट मिशनच्या दारातून जाणारी होती. पाठमालेची वाट घरातून जात होती.

चीनमध्ये जवळजवळ त्याच काळात एका माणसाला हीच गोष्ट उमगली होती. कॅंटनच्या व्यापाऱ्यांपाशी पूर्वी इंग्रजीच्या चोपड्या असत. त्यांत इंग्रजी शब्दांचे उच्चार चिनी अक्षरांत लिहिलेले असत. सौद्यापुरते ते ठीक होते. क्वॉंग की चिउ याने 1868 मध्ये हॉंगकॉंगला इंग्रजी-चिनी कोश काढला. चिनी माणसाने चिनी विद्यार्थ्यांसाठी केलेल्या पहिल्या अशा कोशांत त्याची गणना होते. पुढे तो चिनी विद्यार्थ्यांच्या शिक्षण-मोहिमेबरोबर अमेरिकेत गेला, आणि 1881 मध्ये न्यूयॉर्कहून त्याने जे मोठे पुस्तक प्रसिद्ध केले ते शब्दांचे नव्हते. ते इंग्रजी वाक्प्रचारांचे होते, प्रत्येक वाक्प्रचार वाक्यात घालून दाखवणारे. कोशकाराने आपल्याच कोशाला दिलेले ते उत्तर म्हणावे काय? मला तरी तसे वाटते.

मोठ्या शब्दांच्या बाबतीत मात्र वाक्येही पुरत नाहीत. येन फू या भाषांतरकाराने 1903 मध्ये मिलच्या ‘ऑन लिबर्टी’चा चिनी अनुवाद केला. ‘लिबर्टी’ला रूढ असलेला ‘झयौ’ हा शब्द त्याला शीर्षकासाठी नको होता, कारण त्यात मनमानीचा वास होता. म्हणून त्याने ग्रंथाचे नावच बदलून ‘समूह आणि व्यक्ती यांच्या अधिकारांच्या सीमा’ अशा अर्थाचे केले. मराठीत ‘लिबर्टी’, ‘फ्रीडम’ आणि ‘इंडिपेंडन्स’ या तिघांनाही आपण ‘स्वातंत्र्य’ म्हणून मोकळे झालो. उलट दिशेने इंग्रजीत जाताना मराठी लेखकाला यांतला कोणता शब्द केव्हा, हे ठरवताना आजही थबकावे लागते. तेथे पाठमाला मदतीला येत नाही. तेथे मिलच वाचावा लागतो.

पुढचा इतिहास वाकडकरांच्या डोळ्यांसमोरचा आहे. पिंपरी-चिंचवडचेच प्रा. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना 2000 साली मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले. त्याआधी ते पाचवीपासून होते. चिंचवडला त्यांच्या नावाचे प्रेक्षागृह आहे. हिंजवडीचे संगणक-उद्यान भरत गेले तशी म्हातोबाच्या देवळाभोवतीची वाकडची शेते इमारतींखाली गेली, आणि त्या इमारतींत अमेरिकेला जाऊ पाहणारी मुले ‘जीआरई’च्या यादीतले साडेतीन हजार शब्द पाठ करू लागली. अप्पा बळवंत चौकात त्या याद्यांच्या जुन्या प्रती ढिगाने मिळत. चीनमध्ये न्यू ओरिएंटल या 1993 मध्ये निघालेल्या शिकवणी-संस्थेचा संस्थापक यू मिनहोंग याने केलेले अशाच शब्दांचे पुस्तक त्याच्या वेष्टनामुळे ‘लाल पोथी’ म्हणून ओळखले जाई. 2011 मध्ये त्या परीक्षेतून विरुद्धार्थी शब्दांचे आणि शब्दसाम्याचे प्रश्न काढून टाकले गेले. शब्द वाक्यात आणि उताऱ्यात ओळखायचा, एवढेच राहिले. याद्या पाठ करण्याचा उद्योग तरीही थांबला नाही. सवय कोशाची होती, आणि ती पावणेदोनशे वर्षांची होती.

‘ऑब्सिक्वियस’ प्रकरणानंतर मी माझ्या वहीत एक बदल केला होता. शब्द आणि अर्थ यांच्या पुढे तिसरा रकाना आखला, आणि शब्द जेथे भेटला ते वाक्य त्यात जसेच्या तसे उतरवू लागलो. वाक्य मिळाले नाही, तर शब्द वहीत घ्यायचा नाही. एकदा बोलता बोलता हे मी शेजाऱ्याला सांगितले. त्याने मान हलवली, पण फारसे काही बोलला नाही. कारखान्यात दिवसाकाठी पन्नास शब्द कानावर पडतात, वाक्ये कोण लिहीत बसणार, असा त्याचा भाव असावा.

2020 च्या जानेवारीत तो चिनी नववर्षाच्या सुटीसाठी गावी जायला निघाला. जाण्यापूर्वी किल्ली ठेवायला आला, तेव्हा वही त्याच्या हातातच होती. मी मागितली आणि त्याने दिली. मधल्या पानापासून पुढे तिसरा रकाना आखलेला होता. त्यात चाकणच्या फोरमनची वाक्ये होती, रिक्षावाल्याची होती, सोसायटीच्या सूचनाफलकावरची होती. मागे उलटून ‘प्रोपगंडा’चे पान पाहिले. तेथे रकाना नव्हता, पण समासात बारीक अक्षरांत माझे त्या दिवशीचे उत्तर लिहिलेले होते, खाली रेघ मारलेली होती, आणि शेजारी आमच्या मंडळाचे नाव होते, इंग्रजी अक्षरांत, थोडे चुकीचे.